मुखपृष्ठावरचा आकडा

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात एक जुनी लाकडी पेटी होती. तिच्यात चित्रकथांची पुस्तके ठेवलेली असत. कोणी पालकाने दिलेली, कोणी माजी विद्यार्थ्याने आणून टाकलेली, अशी ती पुस्तके वर्षानुवर्षे साठत गेली होती. एका वर्षी उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी ती पेटी नीट लावण्याचे काम मी सातवीतील एका विद्यार्थ्याकडे सोपविले. मुलगा मोठा व्यवस्थित होता. त्याने दोन दिवस खपून ‘अमर चित्र कथा’ या मालिकेची सारी पुस्तके मुखपृष्ठावरच्या आकड्यांप्रमाणे ओळीने लावली. आणि तिसऱ्या दिवशी खिन्न चेहऱ्याने तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

“सर, पहिली दहा पुस्तके हरवली आहेत. आपल्याकडे अकराव्यापासूनच सुरुवात होते.”

आम्ही दोघांनी कपाटे धुंडाळली, माळा पाहिला, जुन्या नोंदवह्या चाळल्या. ती दहा पुस्तके कोठेच आढळली नाहीत. शेवटी मी त्याला म्हणालो, “अरे, जाऊ दे. आहेत त्यांतले एखादे सुटीत वाचायला घेऊन जा.”

“पहिले वाचल्याशिवाय अकरावे कसे वाचू, सर?” त्याने विचारले.

मला उत्तर देता आले नाही. सुटी लागली आणि मुलगा रिकाम्या हातांनी घरी गेला.

त्या दहा पुस्तकांचे कोडे मला पुष्कळ वर्षांनी उलगडले. ते या पाठाच्या शेवटी मी तुम्हांला सांगणारच आहे. परंतु विद्यार्थिमित्रांनो, त्याआधी एका साध्या प्रश्नाचा विचार करू. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आकडा कोण घालतो, आणि कोणासाठी घालतो?

वरवर पाहता हा प्रश्न निरर्थक वाटेल. पहिल्या अंकावर एक, दुसऱ्यावर दोन, यात विचार करण्यासारखे काय आहे? मासिकावर खंड आणि अंक छापलेले असतात, वहीच्या पानांवर आकडे असतात, तसेच हेही. पण चित्रकथांच्या इतिहासात हा आकडा वाटतो तितका भोळा नाही. त्याचे धनी तीन आहेत. अंक विकणाऱ्याला तो मालाची ओळख म्हणून हवा असतो. अंक जमविणाऱ्याला आपला संग्रह पुरा झाला की नाही हे कळण्यासाठी हवा असतो. आणि वाचणाऱ्याला कथेची वाट दाखविणारा म्हणून हवा असतो. या तिघांचे हित नेहमी एकच असते असे नाही. कधी कधी एकाच्या सोयीसाठी घातलेला आकडा दुसऱ्याची वाट अडवितो.

याची उदाहरणे पाहण्यासाठी आपल्याला अमेरिकेत जावे लागेल. कारण महिन्याच्या महिन्याला निघणाऱ्या चित्रकथांचा व्यापार तेथे फार मोठ्या प्रमाणावर वाढला. १९३८ सालच्या जून महिन्याचा ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक प्रसिद्ध झाला. किंमत दहा सेंट. त्यात सुपरमॅन हा वीर प्रथम अवतरला. दुसरा प्रसिद्ध वीर बॅटमॅन मात्र मालिकेच्या पहिल्या अंकात आला नाही. तो आला १९३९ साली, ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या सत्ताविसाव्या अंकात. कारण त्या काळी एका अंकात अनेक लहान लहान कथा असत, आणि बहुतेक कथा त्याच अंकात संपत. मुलाच्या हाती कोणताही अंक पडो, तो उघडावा आणि वाचावा. आकडा अमुकच असावा अशी त्याला गरज भासत नसे.

विकणाऱ्याला मात्र त्या आकड्याचे महत्त्व होते. हे अंक वर्तमानपत्रे व मासिके विकणाऱ्यांच्या मांडणीवर ठेवले जात. जागा थोडी आणि नियतकालिके अनेक. न खपलेले अंक परत करण्याची मुभा विक्रेत्याला असे. त्यामुळे नव्या, अपरिचित नावाला जागा देण्यास तो फारसा राजी नसे. एखादे मासिक शंभराव्या अंकापर्यंत पोहोचले आहे, म्हणजे ते खपत असले पाहिजे, असा हिशेब तो करी. म्हणून मोठा आकडा हे प्रकाशकाला आपल्या मालाचे प्रशस्तिपत्र वाटे. ‘फ्लॅश कॉमिक्स’ नावाची मालिका एकशेचार अंक काढून १९४९ साली बंद पडली. पुढे १९५६ साली ‘शोकेस’ या दुसऱ्या एका मालिकेच्या चौथ्या अंकात त्याच नावाचा एक नवाच वीर आणण्यात आला. वेष नवा, माणूस नवा, कथा नवी. तो वाचकांना आवडला, तेव्हा १९५९ साली त्याच्यासाठी स्वतंत्र मालिका सुरू झाली. तिच्या पहिल्या अंकावर कोणता आकडा छापला गेला असेल? एक नव्हे, एकशेपाच! दहा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या घराण्याचा वारसा त्या नवख्याला असा देण्यात आला.

आकड्यामागे टपालखात्याचाही हात असे. नियतकालिकांना टपालाचा दर सवलतीचा मिळतो; पण त्यासाठी परवाना काढावा लागतो, आणि परवान्याला शुल्क पडते. चित्रकथांच्या अंकात दोन पाने नुसत्या मजकुराची असत. तीही ही सवलत मिळावी म्हणूनच. नवी मालिका काढावयाची तर नवा परवाना आला. त्यावर काही प्रकाशकांनी एक युक्ती योजिली. जुन्या मालिकेचे नाव बदलावयाचे, परंतु आकडे पुढे चालू ठेवावयाचे, म्हणजे टपालखात्याच्या दृष्टीने ती जुनीच मालिका राहते. १९५० साली एका प्रकाशकाने प्रेमकथांची आपली एक मालिका बाराव्या अंकाबरोबर बंद केली, आणि ‘वीअर्ड फॅण्टसी’ या नावाने अद्भुत विज्ञानकथांची दुसरी मालिका थेट तेराव्या अंकापासून सुरू केली. तेरा, चौदा, पंधरा, सोळा, सतरा असे पाच अंक निघाले. त्यानंतरच्या अंकावर आकडा आला सहा! कारण नव्या नावाचा तो खरोखर सहावा अंक होता, आणि टपालखात्याला ही युक्ती मान्य नव्हती. मालिका पुढे चालू राहिली. तेव्हा सहापासून मोजता मोजता तेरा ते सतरा हे आकडे तिच्यात दुसऱ्यांदा आले. आज त्या मालिकेचा ‘तेरावा अंक’ मागणाऱ्याला, कोणता तेरावा, असे विचारावे लागते.

आता काळाचे चक्र कसे फिरले ते पाहा. लहानपणी हे अंक वाचलेली मुले मोठी झाली आणि जुने अंक जमवू लागली. चित्रकथांचीच दुकाने निघाली. १९७३ सालापासून अशा दुकानदारांना थेट प्रकाशकांकडून अंक घेण्याची सोय झाली. सूट जास्त मिळे, पण न खपलेला अंक परत करता येत नसे. उरलेले अंक मग जुने अंक म्हणून दुकानातच विक्रीला ठेवले जात. या दुकानात येणारे गिऱ्हाईक आकडा पाहूनच खरेदी करी. आणि सर्वांत अधिक मोल होते ते पहिल्या आकड्याला. ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची एक उत्तम राखलेली प्रत २०१४ साली बत्तीस लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकली गेली. दहा सेंटांच्या अंकाची ही किंमत! ज्या व्यापारात मोठा आकडा मानाचा होता, त्याच व्यापारात आता एकाचा आकडा सोन्याचा झाला.

मग प्रकाशकही एकाचेच आकडे छापू लागले. १९९१ साली ‘एक्स-मेन’ या नावाच्या एका नव्या मालिकेचा पहिला अंक निघाला. तो एकच अंक पाच निरनिराळ्या मुखपृष्ठांसह काढण्यात आला, आणि त्याच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती खपल्या. अनेकांनी त्याच अंकाच्या पाच पाच प्रती घेतल्या. वाचण्यासाठी नव्हे, तर पुढे किंमत येईल या आशेने जपून ठेवण्यासाठी. त्यांचा हिशेब कोठे चुकला हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. १९३८ सालच्या अंकाला मोल आले ते त्यावर एकाचा आकडा होता एवढ्यामुळे नव्हे. मुलांनी तो वाचला, दुमडला, मित्रांना दिला, शेवटी रद्दीत टाकला. म्हणून त्याच्या थोड्याच प्रती उरल्या, आणि म्हणून त्या मोलाच्या झाल्या. जो अंक लाखो लोकांनी कोरा करकरीत ठेवून दिला, तो दुर्मिळ होणार कसा? काही वर्षांतच लोकांचा भ्रम फिटला. खप घसरला, कित्येक दुकाने बंद पडली, आणि १९९६ सालच्या डिसेंबरमध्ये ‘मार्व्हल’ या मोठ्या प्रकाशनसंस्थेला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. वाचकाला विसरून केवळ आकडा विकण्याचे हे फळ होते.

तथापि पहिला आकडा पुन्हा घालण्यामागे नेहमी लोभच असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. दरम्यान कथांचे स्वरूपही बदलले होते. एका अंकातील प्रसंग पुढच्या अंकात चालू राही. एका मालिकेतील धागा दुसरीत गुंते. नव्या वाचकाने आठशेसाठावा अंक उचलला तर त्याला आपण परक्याच्या घरातील भांडणाच्या मध्यावर येऊन उभे राहिलो आहोत असे वाटे. सुपरमॅन आणि बॅटमॅन यांच्या प्रकाशकांनी २०११ साली यावर एक धाडसी उपाय केला. त्यांनी आपल्या बावन्न मालिका एकदम पहिल्या अंकापासून काढल्या. ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चे तोवर नऊशेचार अंक झाले होते, पुढच्या अंकावर पुन्हा एक आला. नव्या वाचकांसाठी दार उघडले, ही गोष्ट खरी. पण जुन्या वाचकांना आपल्या घराची पाटी कोणी उतरवून नेली असे वाटले. २०१६ साली जुना क्रम परत आणण्यात आला. नऊशेचार अंक जुने आणि बावन्न नवे, असे नऊशेछप्पन. म्हणून त्यानंतरचा अंक नऊशेसत्तावन्न. अशा रीतीने २०१८ साली त्या मालिकेने हजारावा अंक गाठला.

एकापासून आरंभ केला तरी जुने वाचक दुखावतात. हजारापर्यंत गेले तरी नवे वाचक बिचकतात. मग उपाय कोणता? उपाय आकड्यात नाही. नव्या वाचकाला आत घेण्याची सोय पुस्तकातच केलेली असली पाहिजे. सारे अंक कोणाचा ना कोणाचा पहिला अंक असतात, हे ज्या संपादकांनी ओळखले, त्यांनी अनेक साध्या सोयी केल्या. कोणी पहिल्या पानावर वीराची ओळख दोन वाक्यांत दिली. कोणी मागील कथेचा सारांश छापला. कोणी एका कथेचे पाचसहा अंक एकत्र बांधून त्याचे पुस्तक केले, म्हणजे आरंभ, मध्य आणि शेवट एकाच हाती यावा.

जपानमध्ये तर हीच पद्धत रूढ झाली. तेथे दर आठवड्याला स्वस्त कागदावरचे जाडजूड नियतकालिक निघते. त्यात अनेक कथांचे एकेक प्रकरण असते. पुढे एका कथेची प्रकरणे एकत्र करून तिचे छोटे छोटे खंड काढतात आणि त्यांवर ओळीने आकडे घालतात. १९९७ साली सुरू झालेल्या ‘वन पीस’ या कथेचा शंभरावा खंड २०२१ साली निघाला. तरी नवा वाचक गोंधळत नाही. कारण खंड निरनिराळ्या मालिकांत विखुरलेले नाहीत, आणि पहिला खंड आजही दुकानात मिळतो. आकडा कितीही मोठा असो. जोवर एकापर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी आहे, तोवर तो कोणाला अडवीत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. १९६४ सालच्या मार्चमध्ये मुंबईत ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही मालिका सुरू झाली. तिच्यात परदेशी वीराच्या कथा असत. फॅण्टम या वीराला मराठी मुले वेताळ या नावाने ओळखू लागली. ही मालिका १९९० सालापर्यंत चालली. तिच्या आरंभीच्या काळात त्या कामात असलेले एक गृहस्थ म्हणजे अनंत पै. त्यांचा जन्म १९२९ साली कर्नाटकातील कारकळ येथे झाला. १९६७ साली दिल्लीत दूरदर्शनवर विद्यार्थ्यांची एक प्रश्नमंजूषा त्यांनी पाहिली. ग्रीक पुराणातील देवांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर मुलांना देता आले. पण श्रीरामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, असे ते सांगत असत. ही खंत त्यांच्या मनाला लागली, आणि तिच्यातून भारतीय कथांच्या ‘अमर चित्र कथा’ची मालिका उभी राहिली.

या मालिकेतील बहुतेक पुस्तके आपापल्या परीने पूर्ण आहेत. बत्तीस पानांत एका व्यक्तीचे चरित्र किंवा एक कथा सुरू होते आणि संपते. विसावे पुस्तक वाचण्यासाठी एकोणिसाव्याची गरज नाही. म्हणजे येथील आकडा हा वाचण्याचा क्रम नसून केवळ प्रकाशनाचा क्रम आहे. पण जेथे क्रमाची खरोखर गरज होती, तेथे तो वेगळा दिला गेला. महाभारताची कथा एका पुस्तकात मावण्याजोगी नव्हे. दिलीप कदम यांच्या चित्रांनी सजलेली ती कथा १९८० नंतरच्या दशकात बेचाळीस भागांत प्रसिद्ध झाली, आणि प्रत्येक भागाला त्या कथेतला स्वतःचा क्रमांक होता. पुढे ते सारे भाग तीन मोठ्या खंडांत एकत्र बांधले गेले. शिवाय ही मालिका इंग्रजीप्रमाणेच मराठी, हिंदी आणि इतर अनेक भारतीय भाषांतून निघाली. वाचकाला दार उघडून देणाऱ्या सोयींत मातृभाषेइतकी मोठी सोय दुसरी नाही.

आता त्या दहा पुस्तकांचे कोडे सोडवू. ‘अमर चित्र कथा’ या नावाखाली प्रथम जी दहा पुस्तके निघाली, ती कन्नड भाषेत होती, आणि त्यांत पाश्चात्त्य परीकथा होत्या. त्यानंतर भारतीय कथांना प्रारंभ झाला. मोजदाद मात्र तीच पुढे चालली. म्हणून ज्या पुस्तकाने या मालिकेची खरी ओळख देशाला झाली, ते राम वाईरकर यांनी चित्रित केलेले ‘कृष्ण’ हे पुस्तक पहिले असूनही अकरावे ठरले. पुढे मालिकेची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा त्याच ‘कृष्णा’वर पाचशेएक हा आकडा आला. पुस्तक एकच, आकडे दोन, आणि दोन्हींपैकी एकही ‘एक’ नाही!

आमच्या ग्रंथालयातून काहीच हरवले नव्हते. जे हरवले ते निराळेच होते. चित्रांनी भरलेली, प्रत्येकी आपल्या जागी पूर्ण असलेली ती सारी पुस्तके हाताशी असताना एक जिज्ञासू मुलगा केवळ आकड्याच्या धाकाने ती न वाचता घरी गेला. त्याची एक सुटी हरवली. “यात पहिले-दुसरे काही नाही, तुला आवडेल ते उचल,” असे मी त्या दिवशी म्हणू शकलो असतो, पण मला ते ठाऊक नव्हते, आणि मीही त्याच्याप्रमाणेच आकड्यावर विसंबून माळ्यावर पुस्तके शोधीत बसलो होतो. तो मुलगा आता मोठा झाला असेल. त्याला सांगावयाचे राहून गेले, ते मी तुम्हांला सांगत आहे.

पुस्तकावरचा आकडा जरूर पाहावा. तो कोणाच्या सोयीसाठी घातला आहे, याचाही विचार करावा. कथा खरोखर क्रमाने चालणारी असेल तर पहिला भाग शोधावा, मिळवावा, मित्राकडे मागावा. पण तशी ती नसेल, तर आकड्यापाशी थबकू नये. पान उलटावे आणि वाचावयास लागावे. ज्या पुस्तकापासून तुमचे वाचन सुरू होईल, तेच तुमच्यापुरते पहिले पुस्तक होय.

स्वाध्याय

१. मुखपृष्ठावरच्या आकड्याचे तीन धनी कोणते? प्रत्येकाला तो कशासाठी हवा असतो?
२. ‘फ्लॅश’ या वीराच्या स्वतंत्र मालिकेच्या पहिल्या अंकावर एकशेपाच हा आकडा का छापला गेला?
३. कारणे द्या : (अ) ‘वीअर्ड फॅण्टसी’चे तेरावे अंक दोन झाले. (आ) १९९१ सालचे जपून ठेवलेले अंक दुर्मिळ झाले नाहीत.
४. “जे हरवले ते निराळेच होते,” असे लेखक का म्हणतात? तुमच्या शब्दांत सांगा.
५. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा : भ्रम फिटणे, कोडे उलगडणे, वाट अडविणे.
६. तुमच्या शाळेच्या ग्रंथालयातील एखाद्या मालिकेची पुस्तके पाहा. त्यांवरील आकडे वाचण्याचा क्रम दाखवितात की केवळ प्रकाशनाचा, ते शोधून दहा ओळींत लिहा.